तोंडाचं बटण

संध्याकाळी पाच वाजून बेचाळीस मिनिटांनी पंच हणमंतराव साळोखे तांबजाईवाडीच्या आखाड्यात पडले. वेळ नक्की आहे. ती माझ्या कॅमेऱ्याने नोंदवली होती आणि कॅमेऱ्याचं घड्याळ मी त्याच दुपारी मोबाइलशी जुळवून घेतलं होतं. डोक्यात मंडपाची लोखंडी मेख बसली होती. पावणेदोन हात लांब, अंगठ्याएवढी जाड. साळोखे आधी गुडघ्यांवर आले, मग डाव्या कुशीवर कलंडले. आखाड्याच्या तांबड्या मातीत रक्त लगेच दिसत नाही. माती नुसती ओली झाल्यासारखी वाटते.

या गोष्टीला सात वर्षं झाली. मी तेव्हा जिल्ह्याच्या एका दैनिकात फोटोग्राफर होतो, आजही आहे. चैत्रातल्या जत्रेचं कुस्त्यांचं मैदान दर वर्षी माझ्याकडेच असायचं.

त्या दिवशी मी अडीचलाच पोचलो होतो. लहान गटातल्या कुस्त्या सुरू होत्या, हलगी वाजत होती, आणि मी मंडपाच्या सावलीत बसून कॅमेऱ्याची बटणं लावत होतो. कॅमेरा नवा होता, ऑफिसने घेऊन तीनच आठवडे झाले होते. आधीच्या मैदानात त्याने मला दगा दिला होता. दोन पैलवान एकमेकांच्या मानेत मान घालून उभे, आणि कॅमेरा मात्र त्यांच्या मागे बसलेल्या कुणा पाटलाच्या मिशीवर फोकस करत होता. त्याला माणसाचा चेहरा शोधायची सवय होती, आणि तो कुणाचाही चालायचा.

"काय ओ शिंगटे, पेटी शिकाय लागलाय का? मगाधरनं नुसती बटणं दाबताय."

ज्ञानू वस्ताद कारंडे शेजारी येऊन बसले. कुरणवाडीच्या तालमीचे वस्ताद. वय साठ, दोन्ही कान कुस्तीत मोडून गोळा झालेले, डोक्याला पांढरा पटका. दर जत्रेला भेट व्हायची. त्यांचा पठ्ठा जयदीप हारगुडे त्या दिवशी एक नंबरच्या कुस्तीला होता, चांदीच्या गदेसाठी. समोर तांबजाईवाडीचाच सुदर्शन तोडकर.

"नवा कॅमेरा आहे, वस्ताद. त्याला माझ्या हाताची सवय लावतोय."

"आमी पोरास्नी सवय लावतो, तुमी यंत्राला. कुणाचं काम सोपं?"

"तुमचं. पोरं ऐकतात."

"कोण म्हणतंय?" त्यांनी लांब बसलेल्या जयदीपकडे हनुवटी केली. "त्यो बगा. कुस्तीआधी काय खाऊ नगं म्हणलं, तर भज्याच्या गाड्याकडं तोंड करून बसलाय."

मी त्यांना बटणं दाखवली. फोटो टिपायचं बटण वर, तर्जनीखाली. फोकस करायचं काम मी त्याच्याकडून काढून घेतलं होतं आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर, अंगठ्याखाली असलेल्या दोन बटणांना वाटून दिलं होतं. उजवं दाबलं की कॅमेरा समोरच्या गर्दीतला चेहरा स्वतः हुडकणार, त्याला धरणार, तो पळाला तरी सोडणार नाही. डावं दाबलं की मध्ये एक छोटा चौकोन. तो मी जिथे ठेवीन तेवढंच स्पष्ट.

"मंजे ह्ये तोंडाचं बटण," वस्ताद म्हणाले, "आन ह्यो सांगकाम्या."

"अगदी बरोबर."

"मग तोंडाचं कशाला ठेवलंय? कुस्तीत तोंड कोण बगतंय? खांदा बगायचा. टेकला का न्हाई."

"पेपरात तोंड लागतं, वस्ताद. खांद्यावरनं वाचकाला माणूस ओळखू येत नाही."

"आमाला येतो," ते म्हणाले आणि हसले. मग माझ्या अंगठ्याखालचं डावं बटण त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने एकदा दाबून बघितलं, आणि पुन्हा हसले.

एक नंबरची कुस्ती पाच वाजून सोळा मिनिटांनी लागली. साळोखे पंच होते. शेजारच्या गावचे निवृत्त शिक्षक, स्वतः एके काळचे पैलवान. पांढरा सदरा, गळ्यात शिट्टी. बाविसाव्या मिनिटाला जयदीपने ढाक लावायला तोडकरला अंगावर ओढला. तोडकर अर्ध्यात फिरला आणि दोघेही एकमेकांत गुंतून मातीत आदळले. माझा अंगठा डाव्या बटणावर होता, चौकोन जयदीपच्या खांद्यावर. पण साळोखे निकाल बघायला धावत नेमके मध्ये आले. माझ्याकडे त्या क्षणाचे तीन फोटो आले, तिन्हींत साळोख्यांची पाठ.

साळोख्यांनी मातीवर थाप मारली, उठले आणि तोडकरचा हात वर केला.

गावाने आरोळी ठोकली. फेटे उडाले. त्या गलक्यात वस्ताद आखाड्यात उतरले.

"खांदा टेकला न्हाई! पंच, डोळ्यात माती गेली का तुमच्या?"

"टेकला, वस्ताद. मी हातभरावर होतो."

"हातभरावर असून दिसलं न्हाई, त्याचंच वाईट वाटतंय. परत लावा कुस्ती."

"निकाल दिला."

"निकाल न्हवं, पाप दिलंस," वस्ताद म्हणाले. निकाल पुकारायला घेतलेला माइक साळोख्यांच्या हातातच होता आणि चालू होता. ते वाक्य कर्ण्यांमधून गावभर गेलं. पुढे खटल्यात ते सात साक्षीदारांनी जसंच्या तसं सांगितलं.

पहिला दगड कुणी मारला ते माहीत नाही. तो हलगीवाल्याला लागला. हलगी थांबली, आणि हलगी थांबली की मैदानात माणसाला आपलाच श्वास ऐकू येतो. तसा एक क्षण गेला. मग कुरणवाडीची माणसं पूर्वेच्या बाजूने कठडा मोडून आत आली आणि तांबजाईवाडीची पश्चिमेकडून.

मी जे पाहिलं ते सांगतो. एका माणसाने हलगीवाल्याची हलगी हिसकली आणि तिच्या लोखंडी कड्याने त्यालाच तोंडावर मारलं, तीनदा. तोडकरच्या चुलत्याच्या हातात फोल्डिंगची खुर्ची होती. ती मिटलेली धरून तो समोर येईल त्याला हाणत होता. एकाची बोटं तिच्या सांध्यात सापडली, तरी त्याने खुर्ची फिरवायची थांबवली नाही. एक म्हातारा कठड्याच्या बांबूवर पालथा पडला होता आणि माणसं त्याच्या पाठीवर पाय देऊन आत उड्या टाकत होती. कुणीतरी मंडपाची दोरी कापली. कापड अर्धं खाली आलं, आणि जमिनीतल्या मेखा सैल झाल्या. पहिली मेख एकाने उपटली. मग सगळ्यांनाच मेखा दिसू लागल्या.

साळोखे आखाड्याच्या मधोमध उभे होते. माइक अजून हातात. "बसून घ्या, मंडळी, बसून घ्या," असं ते म्हणत होते. शाळेच्या मैदानावर म्हणत असतील तसं.

माझा अंगठा उजवीकडे सरकला. मी दहा मीटरांवर होतो, लांब पल्ल्याची लेन्स. साळोख्यांच्या मागून आणि डावीकडून पाच-सहा जण त्यांच्यावर आले. कॅमेऱ्यात एक चेहरा हिरव्या चौकटीत अडकला, मी वरचं बटण दाबून धरलं आणि सेकंदभरात अकरा फोटो निघाले. डोळा कॅमेऱ्याला लावला की माणूस फक्त तेवढंच बघतो. मेख डोक्यात बसल्याचा आवाज मी ऐकला. ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसते तसा. पाहिली नाही.

पुढच्याच क्षणी माझ्या खांद्यावर कुणीतरी विटेचा तुकडा घातला. मी कॅमेरा पोटाशी धरून खाली बसलो. पायांच्या गर्दीतून मला दिसलं, की साळोखे कुशीवर पडले आहेत आणि ज्ञानू वस्ताद त्यांच्या अंगावर पालथे पडले आहेत. वस्तादांच्या पाठीत लाथा बसत होत्या. पटका सुटून मातीत लांबवर पसरला होता. मग कुणाची तरी मांडी मध्ये आली.

पोलिसांची गाडी सहाला आली. तोवर मैदान रिकामं झालं होतं. मातीत चपला, दात, तुटलेल्या खुर्च्या.

मी शाळेच्या ओसरीवर बसून लॅपटॉप उघडला. उजवा खांदा वर उचलत नव्हता, डाव्या हाताने काम करत होतो. सात वाजून दहा मिनिटांनी वृत्तसंपादक माणगावे साहेबांचा फोन आला.

"शिंगटे, पंच गेला. सिव्हिलला नेताना वाटेतच. काय आहे तुझ्याकडे?"

"दंगलीचे चाळीसेक आहेत, साहेब."

"दंगल नको. तशी गर्दी आपण दर पंधरवड्याला छापतो. चेहरा आहे का?"

"एक आहे."

"कुणाचा?"

"ज्ञानू वस्ताद कारंडे. कुरणवाडीचे. मेखेवर हात आहे."

"मेखेवर हात, की हातात मेख?"

मी स्क्रीनकडे पाहिलं.

"हातात," मी म्हणालो.

"मग झालं. तीन कॉलम उभा पाठव. ओळ तूच लिही, इथं कुणाला श्वास घ्यायला वेळ नाही. साडेसातला पान सोडतोय."

मी ओळ लिहिली : 'तांबजाईवाडीच्या मैदानात पंच हणमंतराव साळोखे यांच्यावर लोखंडी मेखेने हल्ला करताना वस्ताद ज्ञानू कारंडे.' सात चोवीसला मेल गेला. माणगाव्यांचा एका शब्दाचा निरोप आला : 'जबरा.'

रात्री नोंदवलेल्या फिर्यादीत आरोपी म्हणून 'अनोळखी जमाव' एवढंच होतं. सकाळी सहाला आमचा पेपर पोलीस ठाण्यात पोचला. सव्वासातला ज्ञानू वस्तादांना त्यांच्या घरातून उचललं. ते पाठ शेकत पडले होते.

साडेनऊला ऑफिसमधून फोन आला, कुरणवाडीला जा. मी पोचलो तेव्हा साळोख्यांच्या गावाहून दोन टेम्पो भरून माणसं आली होती, साठेक. पुढच्या माणसाच्या हातात आमचा पेपर होता, फोटो बाहेर येईल असा घडी घातलेला. तो दारोदार जाऊन फोटो समोर धरत होता आणि एकच विचारत होता, "ह्याचं घर कुटलं?"

वस्तादांच्या घरापाशी त्यांना पोलीस दिसले, म्हणून ती माणसं तालमीकडे वळली. आधी त्यांनी मारुतीची तसबीर आदबीने बाहेर आणली, पिंपळाखाली नीट टेकवून ठेवली, एकाने चपला काढून नमस्कारही केला. मग आत डिझेल ओतलं. व्यायामात फिरवायची जड लाकडी करेलं, गदा, मल्लखांबाचं लाकूड, सगळं आखाड्याच्या मध्यावर रचून पेटवलं. त्या मातीत ताक, तेल आणि हळद मुरलेली असते. तिचा जळका वास मी त्याआधी कधी घेतला नव्हता.

जयदीप हारगुडे तालमीतच राहायचा. तो मागच्या खिडकीतून उडी टाकून पळत होता, त्याला ज्वारीच्या कडब्यापाशी पकडला. चौघांनी दोन हात आणि एक पाय धरला. उरलेला उजवा पाय दगडावर आडवा ठेवला. "तुझ्या वस्तादानं आमचा माणूस खाल्ला," एक जण शांतपणे म्हणाला, आणि दुसऱ्याने आगीतून वाचलेलं एक करेल दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून त्याच्या गुडघ्यावर आणलं. पहिला घाव सरकला. दुसरा बसला. गुडघा उलटा वाकला. जयदीप ओरडला नाही. त्याला उलटी झाली.

मी फोटो काढले.

"काढा, फोटोवाले, काढा! ह्यांची पण तोंडं काढा!"

खाकी साडीतली एक बाई रस्त्यावरून ओरडत येत होती, तिला दोन म्हाताऱ्या दंडाला धरून मागे ओढत होत्या. एसटीत कंडक्टर होती, ड्यूटीवरून तशीच आली होती. वस्तादांची मुलगी राजश्री. पेपर हातात धरलेला माणूस तिच्यापाशी गेला, घडी घातलेल्या पेपरनेच तिच्या तोंडावर दोनदा मारलं आणि पेपर तिच्या पायापाशी टाकून टेम्पोत जाऊन बसला.

खटला दोन वर्षांनी उभा राहिला. मी सरकार पक्षाचा साक्षीदार. फोटो कोर्टात दाखल झाला तेव्हा सोबत तो अस्सल असल्याचं माझ्या सहीचं प्रमाणपत्र होतं. सरकारी वकिलांनी तीन प्रश्न विचारले. हा फोटो तुम्हीच काढला का? हो. तेव्हा तुम्ही किती अंतरावर होता? दहा मीटर. फोटोत काही फेरफार केला आहे का? नाही. आरोपीचा वकील तरुण होता. त्याने मला कुणी पैसे दिले का, माझं वस्तादांशी वैर होतं का, असलं विचारलं. मी नाही म्हणालो, आणि ते खरंच होतं. वस्ताद पिंजऱ्यात उभे होते. मी खाली उतरत असताना त्यांनी उजव्या हाताचा अंगठा हवेत दोनदा दाबून दाखवला. मला वाटलं, धमकी देतायत.

सदोष मनुष्यवधाबद्दल दहा वर्षं सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी फोटोला राज्य पातळीवरचं बक्षीस मिळालं. ऑफिसने तो चार फुटी करून जिन्यात लावला.

निकालानंतर दोन वर्षांनी, एका रविवारी दुपारी, राजश्री माझ्या घरी आली. बायकोने पाणी दिलं, चहा टाकायला आत गेली. राजश्री खुर्चीच्या कडेवर बसली. पाण्याला हात लावला नाही.

"आबांनी तुम्हाला एक प्रश्न विचारलाय," ती म्हणाली. "भेटीला गेलं की दर खेपेला तेच. मला त्यातलं कळत नाही काही. ते म्हणाले, त्यांना कळंल."

"विचारा."

"त्या टायमाला तोंडाचं बटण होतं, का सांगकाम्या होता?"

आत स्टोव्हवर भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"तोंडाचं," मी म्हणालो.

"म्हंजे काय ते नीट सांगा. मला वकिलाला सांगायचंय."

मी तिला सांगितलं. तोंडाच्या बटणावर कॅमेरा गर्दीतला एक चेहरा निवडतो. कुणी काय केलं याच्याशी त्याला घेणं नसतं. ज्याचे दोन डोळे कॅमेऱ्याकडे आहेत तो त्याला सापडतो. त्या अंतरावर, त्या लेन्सवर, चेहऱ्याच्या पुढे-मागे मिळून दीड फूट तेवढं स्पष्ट येतं. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे सगळं धुरकट.

"म्हंजे ज्याची पाठ तुमच्याकडं, त्याला यंत्र धरत नाही."

"नाही."

"आन आबांचं तोंड तुमच्याकडं होतं."

"हो."

"आन तुम्ही सगळ्यांनी ठरवलं, जो लख्ख दिसतोय त्यानंच मारलं."

"हो."

ती उठली. खांद्याची पर्स नीट केली. "एवढंच होय. एवढ्यावर आबा चार वर्षं झुरतायत. ह्यानं काय कोर्ट ऐकतंय? बटणाचं कोण ऐकतंय?"

ती दारापर्यंत गेली. चपलेत पाय घातला. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं होतं, पूर्ण आणि खरं. मी गप्प राहिलो असतो तर ती गेली असती.

"डावीकडे आणखी एक माणूस होता," मी म्हणालो.

तिने वळून पाहिलं.

"फोटोच्या डावीकडच्या एक-तृतीयांश भागात. पाठ कॅमेऱ्याकडे. डोक्यावर टॉवेल. मेखेचं जाड टोक त्याच्या दोन्ही हातांत होतं. तुमच्या आबांचा एकच हात होता, मेखेच्या मधोमध. मेखेवर एकूण तीन हात होते."

"छापला त्यात कुठाय त्यो माणूस?"

"मी कापला."

"का?"

"उभा फोटो पाहिजे होता. आणि तो धूसर होता."

"धूसर होता," ती म्हणाली. एक चप्पल पायात, एक बाहेर. "कोर्टात तुम्हाला विचारलं ना, फेरफार केलाय का म्हणून? मी मागच्या बाकावर बसले होते. विचारलं ना?"

"विचारलं."

"मग?"

"पेपरात कापण्याला फेरफार म्हणत नाहीत," मी म्हणालो. आणि हे खरं आहे. कोणत्याही ऑफिसात विचारा. रंग बदलला, काही जोडलं, पुसलं, तर फेरफार. कडा कापणं हे रोजचं काम. शपथेवर ते 'नाही' उच्चारताना मला अडखळायलाही झालं नव्हतं.

तिने मारलं. डाव्या कानाखाली, तिकिटाचं यंत्र वर्षानुवर्षं चालवलेल्या हाताने. चष्मा भिंतीवर जाऊन पडला. दुसरी बसली ती नाकावर. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती ओरडली, "अहो, काय चाललंय!" राजश्री तिच्याकडे वळून म्हणाली, "काही नाही, वहिनी. त्यांना कागद-पेन द्या."

मी लिहून दिलं. नाकातलं रक्त पहिल्या कागदावर पडलं म्हणून तिने दुसरा घ्यायला लावला. "ह्याच्यावर नको. उद्या म्हणतील मारून लिहून घेतलं."

"मारलंच आहे," मी म्हणालो.

"ते लिहिल्यावर मारलं असं लिवा," ती म्हणाली. मी ते लिहिलं नाही. पुरे झालं होतं.

वस्तादांच्या वकिलांनी त्यावरून प्रतिज्ञापत्र केलं आणि उच्च न्यायालयातल्या अपिलाला जोडलं. सरकार पक्षाने उत्तरात विचारलं, मूळ फोटो कुठे आहे. तो नाही. मैदानाच्या तिसऱ्या दिवशी क्रिकेटच्या सामन्यांसाठी कार्ड पुसलं गेलं. कार्डं अशीच पुसतात. ऑफिसच्या संग्रहात मी पाठवलेली तीन कॉलमी फाईल आहे, आणि ती पान लावायच्या वेळी नव्याने सेव्ह झाल्यामुळे कुठलं बटण दाबलं होतं याची नोंदही तिच्यात उरलेली नाही. उरलं ते माझं सांगणं. चार वर्षं उशिरा आलेलं, शपथेवरच्या आधीच्या सांगण्याच्या उलट. माझ्यावर खोट्या साक्षीची कारवाई का करू नये, अशी नोटीस मला आली आहे. फोटो जिन्यातून अजून उतरवलेला नाही.

माझ्या वकिलाने मला खाजगीत विचारलं, की वस्तादांचा तो एक हात मेख अडवत होता की पुढे ढकलत होता. मेख मधोमध धरून कुणी मारत नाही, असं मी म्हणालो. "ते तर्क झाले," तो म्हणाला. "तुम्ही पाहिलं का?" त्या अकरांपैकी पुढच्या चार फोटोंत ते दिसत असणार. त्या संध्याकाळी ओसरीवर मी ते भराभर पुढे सरकवले होते, कारण त्यांत वस्तादांची मान खाली गेली होती आणि चेहरा नव्हता.

टॉवेलवाला माणूस कोण, ते अजून कुणाला माहीत नाही. जयदीप हारगुडे पाय ओढत चालतो. तांबजाईवाडीच्या फाट्यावर त्याने चहाची टपरी टाकली आहे. गुडघा फोडणाऱ्यांपैकी कुणालाही शिक्षा झाली नाही. माझ्या त्या फोटोंत जयदीपचाच चेहरा तेवढा स्पष्ट आहे.

गेल्या महिन्याच्या सोळा तारखेला अपील बोर्डावर एकशे बाराव्या नंबरला होतं. राजश्री रजा टाकून आली होती, मीही गेलो होतो. बाकावर आम्ही दोन टोकांना बसलो. साडेचारला न्यायमूर्ती उठले तेव्हा एकशे चारपर्यंतची प्रकरणं झाली होती. पुढची तारीख अजून लागलेली नाही.